आठांत नववा

२६ मे, रविवार

— डोकं भिंतीपलीकडे गेलं तेव्हा चेंडू पोटाशी होता आणि पाय हवेत. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांच्या मांडीवर पडलो. त्यांच्या चिप्सवरचं गरम चीज हेल्मेटच्या गजांतून थेट नाकावर आलं. आजोबा हलले नाहीत. म्हणाले, "धरलास का?" मी चेंडू दाखवला. "मग ऊठ. माझ्या मांडीचं ऑपरेशन झालंय."

टचडाउन! सहा गुण!

लोकांनीच ढकलून मला परत आत टाकलं. मोठ्या मैदानावर अमेरिकन फुटबॉल खेळणारे आम्हाला यासाठीच हसतात — छपराखाली खेळता, हॉकीच्या बर्फावर गालिचा टाकून खेळता, कडेला गाद्या लावलेली भिंत असते, बाहेर पडायलासुद्धा जागा नसते. बरोबर आहे. बाहेर पडायला जागा नसते. त्यांना हे नालस्ती करण्यासारखं वाटतं, मला नाही.

उभा राहिलो आणि वळलो. आता चेंडू त्यांचा, आता बचाव आमचा. बारा वर्षं असंच. चढाई संपली की त्याच पावली वळायचं आणि अडवायला उभं राहायचं. आठ माणसं, दोन्ही कामं त्यांचीच. यंदा नियम बदलला. आता चढाईला वेगळे आणि बचावाला वेगळे चालतात. कडेला आमचा कोच मर्ल हात हलवत होता — बाहेर ये. मला दिसलं नाही असं मी ठरवलं. त्यानं दुसऱ्याला पाठवलंच नाही, मग मी राहिलो.

जिंकलो.

डावा गुडघा उशीसारखा झालाय. बायकोला, रोझलिनला म्हणालो, भिंतीला आपटला. ती म्हणाली, "भिंतीला गादी असते, थेरॉन."

२८ मे, मंगळवार

मर्लने बोलावलं. त्याचं ऑफिस म्हणजे बर्फाच्या यंत्राशेजारची झाडूची खोली. मी या गावात आलो तेव्हा तो चेंडू फेकायचा आणि मी पकडायचो. आता तो कोच आहे आणि मी अजून पकडतो.

"बस."

"उभा बरा आहे."

"गुडघा वाकत नाही म्हणून?"

"खुर्ची ओली आहे म्हणून."

त्यानं खुर्ची पुसली. मी तरी बसलो नाही.

"एक बाजू निवड, थेरॉन. चढाई किंवा बचाव."

"दोन्ही."

"दोन्ही हे उत्तर नाही."

"मग प्रश्न चुकलाय."

तो हसला नाही. म्हणाला, शेवटच्या पाव सामन्यात तू चालतोस. तुझ्या बगलेतून तिघं गेले. मी म्हणालो, एक गेला. "टेप लावू?" नको म्हणालो. मग त्यानं सांगितलं की गुरुवारी एक पोरगा येतोय. टॉलिव्हर. मोठ्या मैदानावरचा, कॉलेजात नाव काढलेला, तिथे वरच्या संघांनी घेतला नाही म्हणून इकडे. तेवीस वर्षांचा.

"तू निवडशील ती बाजू तुझी. उरलेली त्याची."

मी दार लावून आलो. जोरात लावलं. ते दार आपोआप हळू लागतं — वर स्प्रिंग आहे. सगळा राग वाया गेला.

३० मे, गुरुवार

आला. जमारी टॉलिव्हर. पायात बाथरूमच्या चपला, कानात काहीतरी गाणं, आणि खांदे असे की दारातून तिरकं यावं लागतं. मला बघून कानातलं काढलं. हात पुढे केला. "तुमचा फोटो आत येताना भिंतीवर पाहिला, अंकल."

अंकल!

पहिल्याच सरावात त्याची फजिती झाली. लाथ मारलेला चेंडू गोलच्या खांबांशेजारी ताणलेल्या जाळीवर आदळून परत आला. पोरगा कंबरेवर हात ठेवून उभा. त्याच्या मैदानावर तो चेंडू प्रेक्षकांत गेला असता, विषय संपला असता. मी त्याच्या पायापासून चेंडू उचलला आणि चालत — चालत! — दुसऱ्या टोकाला गेलो.

"इथे चेंडू मरत नाही, बाळा."

"कळलं. तुमच्याकडे बघून वाटलंच होतं, इथे काही मरत नाही म्हणून."

सगळे हसत सुटले. मर्लसुद्धा. मीही हसलो असतो, पण जमलं नाही.

१ जून, शनिवार

सकाळी गालिचा घातला. लांबच लांब गुंडाळ्या, आठ जणांनी मिळून एक ढकलायची. सांधे जुळले नाहीत तर पळताना बोट अडकतं आणि नख जातं, म्हणून शेवटी मी गुडघ्यावर रांगत सगळे सांधे हातानं तपासतो. दर सामन्याला. टॉलिव्हर कॉफी घेऊन उभा होता.

"हे करायला माणसं नाहीत का?"

"आहेत. तूच तो."

त्यानं कॉफी खाली ठेवली आणि गुंडाळीला खांदा दिला. एकट्यानं चार जणांएवढी ढकलली. तरी चुकीच्या दिशेनं.

संध्याकाळी सामना. मर्लला मी अजून बाजू सांगितलेली नाही. सांगणार नाही.

२ जून, रविवार

बचावाच्या वेळी मला बसवलं. बाकाला पाठ नसते हे बारा वर्षांनी काल कळलं.

५ जून, बुधवार

रोझलिन दवाखान्यात दिवसभर लोकांचे दात साफ करते. तिच्यासमोर माणसं तोंड उघडं ठेवून पडलेली असतात, उत्तर देता येत नाही. ती सवय घरी आणते.

"मी रोज तुझ्या दोन्ही गुडघ्यांना बर्फ बांधते. एका बाजूनं खेळलास तर एकालाच बांधावा लागेल. बर्फ वाचेल."

मी म्हणालो, तुला समजत नाही. या खेळात दोन्हीकडून खेळणाऱ्यालाच खेळाडू म्हणतात. बाकीचे येणारे-जाणारे. दोन वेळा मला वर्षातला सर्वोत्तम 'लोखंडी माणूस' म्हणून चषक दिला. आख्ख्या लीगमधून.

"गॅरेजचं दार उघडं राहावं म्हणून लावलाय तोच ना?"

"एक तो. दुसरा तुझ्या आईकडे आहे."

"आईनं त्यात कांदे ठेवलेत." मग बर्फ दाबत: "हा खेळ आहे की हट्ट, थेरॉन?"

मी म्हटलं, दोन्ही. ती हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

माझ्या आईचा फोन, लेक चार्ल्स गावाहून. "अजून मारतात का रे तुला लोक?" मी म्हणालो, मीही मारतो. "मग ठीक. सॉसेज पाठवलेत. टर्कीचे नाहीत, डुकराचेच आहेत. खात जा."

९ जून, रविवार

नेब्रास्काहून परत. जिंकलो. बचावाला टॉलिव्हर. जाळीवरून आलेला चेंडू त्यानं उडी मारून एका हातात घेतला आणि भिंतीवर पाय टेकवून वळला. भिंतीवर पाय! ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मी बाकावरून उठलो होतो, हे नंतर लक्षात आलं. पटकन बसलो.

बस मर्लच चालवतो. पोरं झोपलेली. मी पुढे, दाराच्या पायरीवर. मक्याची शेतं संपता संपत नाहीत.

मर्लच्या हाताखालून चार संघ गेले. इंडियानातल्या एका गावी सामन्याच्या मध्येच सगळे दिवे गेले. पंच म्हणाले, रद्द. मर्लने बर्फ सपाट करणारी गाडी येते त्या दारातून लोकांच्या मोटारी आत आणल्या, भिंतीभोवती लावल्या आणि त्यांच्या उजेडात उरलेला खेळ खेळवला. जिंकला. दुसऱ्या एका गावी संघाचा मालक बायको-पोरांसकट नाहीसा झाला. मर्लने अंतिम सामन्यापर्यंत सगळा संघ स्वतःच्या घरी जेवायला घातला — रोज टूना माशाचं खिमट. करंडक हातात आल्यावर पोरांनी पहिली शपथ घेतली ती आयुष्यात टूना न खाण्याची. मोठ्या मैदानावरच्या कोचांची पुस्तकं निघतात. मर्लचं सगळं असं बसमध्ये ऐकायचं.

"बारा वर्षांत तू मला कधी बसवलं नाहीस," मी म्हणालो.

"बारा वर्षं नियमात बसत नव्हतं."

"बसत असतं तर?"

त्यानं आरसा नीट केला. "तीन वर्षांपूर्वी बसवला असता."

 एका पेट्रोल पंपावर त्यानं मला विचारल्याशिवाय कॉफी आणली. दोन साखरेची. मी प्यायलो. कॉफीवर राग नव्हता.

१३ जून, गुरुवार

मर्लला सगळ्यांसमोर म्हटलं: आजचा सराव मी आणि टॉलिव्हर, दोघंही दोन्ही बाजूंनी. बघू कोण उभा राहतो.

टॉलिव्हर: "अंकल, अॅम्ब्युलन्स सांगून ठेवू?"

"दोन सांग."

खेळलो. चढाई, वळ, बचाव, वळ, चढाई. मधे श्वास नाही. तो माझ्यापेक्षा वेगानं पळतो, पण वळताना थांबतो — त्याच्या डोक्यात चढाई आणि बचाव हे दोन वेगळे खेळ आहेत. माझ्या डोक्यात एकच. शेवटाला तो कचऱ्याच्या पिंपात तोंड घालून ओकला. मी उभा! सगळ्यांनी पाहिलं. भिंतीवर थापा मारल्या.

पोरानं तोंड पुसलं. डोळ्यांत पाणी. "परत कधी?" म्हणाला.

मर्ल माझ्याकडे आला, हळू आवाजात: "तो उद्या सकाळी ठणठणीत असेल. तू?"

"मी आत्ताच आहे."

घरी येऊन ओकलो. रोझलिनने पाहिलं नाही.

पाहिलं.

१८ जून, मंगळवार

शनिवारी साखळीतला शेवटचा सामना, क्विन्सीवाल्यांशी, इथेच. जिंकलो तर पहिला नंबर.

मर्ल गालिच्यावर मधोमध उभा राहून बोलला. झाडूच्या खोलीत नाही. म्हणजे त्यानं ठरवलंय.

"तू निवडत नाहीस म्हणून मी निवडलं. चढाईला तू. बचावाला टॉलिव्हर. चेंडू त्यांच्याकडे गेला की तू बाहेर, तो आत."

"आणि मी बाहेर आलो नाही तर?"

"तर आपण नऊ होऊ."

"इतकी वर्षं आठच होतो. मी दोघांचं काम करत होतो म्हणून."

"हो," तो म्हणाला. "करत होतास."

मला तो शब्द आवडला नाही. त्यालाही बोलायला आवडला नसावा. पण बोलला.

ऐकून घेणार नाही. मी काही फोटो नाही, आत येताना भिंतीवर बघायला.

२० जून, गुरुवार

गुडघ्यातलं पाणी काढलं. डॉक्टर म्हणाला, हे कशासाठी? म्हणालो, शनिवारसाठी. तो म्हणाला, मी रविवारचं विचारतोय.

२३ जून, रविवार

कालचं जसं झालं तसं लिहितो.

शेवटाला आम्ही दोन गुणांनी मागे. चेंडू भिंतीच्या कडेनं आला. धरला. खांदा गादीवर घासत, एकाला अंगावर घेऊन आत पडलो. पुढे झालो! सगळं छप्पर माझं नाव घेत होतं — थे-रॉन, थे-रॉन. असा आवाज पायांतून वर येतो, कानांतून नाही.

मग आमची लाथ; तेवढ्यापुरता मी आतच. त्यांनी चेंडू मध्यापर्यंत आणला. घड्याळात एका डावापुरता वेळ. हा एक डाव अडवला की संपलं.

माझं काम झालं होतं. कडेला मर्लचा हात — बाहेर. टॉलिव्हर माझ्या अंगावरून पळत आत आला. "अंकल, जा, मी आलो!"

मी ऐकलं.

वळलो आणि माझ्या जुन्या जागी जाऊन उभा राहिलो. टॉलिव्हरने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असेल, दुसरा कोणी गेला. तोही उभा राहिला.

चेंडू सुटला. त्यांचा फेकणारा डाव्या खांद्यानं खोटं सांगतो, हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे. मी उजवीकडे गेलो. धावणारा जाळीच्या खांबापाशी वळायच्या आत मी तिथे होतो. दोन्ही हातांनी, छातीशी. धरला! आयुष्यात इतका नीट चेंडू धरला नव्हता. वेळ संपल्याचा भोंगा झाला. लोक भिंतीवर चढले. कोणीतरी माझं हेल्मेट दोन्ही हातांनी बडवत होतं.

गालिच्यावर पंचाचा पिवळा रुमाल पडलेला होता.

पंचानं माइकवर सांगितलं: बचावाला नऊ माणसं. दंड. डाव पुन्हा, पाच यार्ड पुढून.

लोक टॉलिव्हरवर ओरडले. शेवटी पळत आत आलेला तोच होता, सगळ्यांनी तेच पाहिलं होतं. कोणी तरी पेला भिरकावला, बर्फासकट त्याच्या पाठीवर फुटला. तो इकडेतिकडे बघत होता, माणसं मोजत होता — एक, दोन — बोटानं. मग माझ्यापाशी येऊन बोट थांबलं.

मी बाहेर गेलो. कोणाला काही म्हणालो नाही.

पुढच्या डावात त्यांनी चेंडू टॉलिव्हरच्या डोक्यावरून टाकला आणि टचडाउन केलं. हरलो. पहिला नंबर गेला, दुसरा राहिला. पुढच्या शनिवारी बाद फेरी, इथेच.

कपडे बदलायच्या खोलीत मर्ल माझ्यासमोर उभा राहिला. एकच विचारलं. "पाय की डोकं?"

"पाय वळले, मर्ल. बारा वर्षांची सवय."

त्यानं मान हलवली. टॉलिव्हर डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. जाताना त्याच्या समोरून गेलो. अंकल म्हणाला नाही. 

सवय. शब्द किती स्वच्छ आहे.

पण तो चेंडू मी धरला होता! हे कोणाला खोडता येणार नाही. नियम काही म्हणो. माझ्या हातात होता.

२४ जून, सोमवार

गावच्या पेपरात मर्लचं वाक्य: "पोराची चूक नाही. मीच त्याला उशिरा आणि चुकीच्या वेळी आत पाठवलं." खोटं आहे. मर्ल खोटं बोलत नाही. परवापर्यंत बोलत नव्हता.

रोझलिनने पेपर वाचला, घडी घातली, माझ्या ताटाशेजारी ठेवला. मी तिला शनिवारी सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तोंड उघडायचं कोणी आणि बोलतंय कोण!" आणि कामावर गेली.

२५ जून, मंगळवार

मर्लला काढलं.

संघाचा मालक ग्लेन स्ट्रुबेल चाकांवरची घरं विकतो. त्यानं मला दुकानातच बोलावलं. एका नव्याकोऱ्या चालत्या घराच्या स्वयंपाकघरात आम्ही समोरासमोर बसलो, गुडघे टेबलाखाली एकमेकांना लागत होते.

"मर्ल स्वतःच कबूल झालाय. पेपरात! माझं काम सोपं केलं त्यानं. आता कोच तू."

मी म्हणालो, "मिस्टर स्ट्रुबेल, नववा मी होतो. टॉलिव्हर बरोबर वेळेला आत आला. मी बाहेर गेलो नाही."

"असू दे. लोकांनी तसं पाहिलं नाही."

"पण झालं तसं."

"लोकांनी तुझं नाव घेतलं, थेरॉन. शनिवारची पोस्टर छापून झालीत. तुझा फोटो. कोच तू आणि खेळणारही तूच — चढाईलाही आणि बचावालाही. मर्लकडे तू हेच मागत होतास ना? घे. सगळं घे."

फ्रिज उघडून त्यानं मला गार लिंबाचं पेय दिलं. फ्रिज चालू आहे हे दाखवायला, असं वाटलं.

मर्लला परत घ्या, म्हणालो. तो म्हणाला, नाही. तू नको म्हणालास तर डे मॉइनहून माणूस सांगून ठेवलाय, मोठ्या मैदानावरचा.

मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत सांगतो. पेय तसंच ठेवून निघालो. दारात मला वाकावं लागलं. ती घरं माझ्यासाठी केलेली नाहीत.

मर्ल अंगणात गवत कापत होता. मला पाहिलं, पण यंत्र बंद केलं नाही. मी त्याच्याबरोबर चालत राहिलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. आवाजावर ओरडून बोललो.

"स्ट्रुबेलने मला जागा दिलीय!"

"माहितीये! मला आधी विचारलं, दुसरा कोण म्हणून!"

"तू माझं नाव सांगितलंस?"

"दुसरं तोंडात येत नव्हतं!"

पुढच्या फेरीत मी म्हणालो, "पाय नव्हते, मर्ल. डोकं होतं."

त्यानं यंत्र बंद केलं. एकदम सगळीकडे शांत. शेजारचं कुत्रं तेवढं भुंकत होतं.

"माहितीये. तुझे पाय आता एवढ्या पटकन वळत नाहीत."

"मग पेपरात का खोटं बोललास?"

"पोरगा या गावात कोणाला ओळखत नाही. दुकानात गेला तर लोक त्याला बोलणार. आठवड्यात बॅग भरली असती त्यानं. तू चार शिव्या खाऊन जिरवल्या असत्यास — पण तू गप्प बसलास. कोणीतरी बोलायला हवं होतं." त्यानं पायाच्या अंगठ्यानं चाकातलं गवत काढलं. "कोचाचं काम आहे ते. बाकी सगळं कोणालाही येतं."

मी म्हणालो, मी ही जागा घेतली तर तुझी खुर्ची घेतल्यासारखं होईल.

"ओली आहे. पुसून घे."

मला हसू आलं नाही. त्यालाही नाही. मी विचारलं, तू असतास तर शनिवारी काय केलं असतंस?

"ते मी तुला मे महिन्यात सांगितलंय."

आणि यंत्र परत चालू केलं.

घरी येऊन स्ट्रुबेलला फोन केला. हो म्हणालो. तो खूश झाला. आवाज लाऊडस्पीकरवर टाकून दुकानातल्या सगळ्यांना ऐकवलं, टाळ्या पडल्या. दोन्ही बाजूंनी ना? त्यानं विचारलं. मी म्हणालो, संघ कोच निवडतो.

रोझलिन बर्फ घेऊन आली. मी म्हणालो, आज नको.

२६ जून, बुधवार

सकाळी सातला पेपरच्या माणसाला फोन करून सांगितलं की नववा मी होतो. त्यानं दोनदा विचारलं. दोनदा सांगितलं.

आठला शनिवारची यादी लीगकडे पाठवली. माझ्या जागेवर चढाईला टॉलिव्हर. बचावाला टॉलिव्हर. यादीत माझं नाव नाही.

नऊला सराव घेतला. भिंतीबाहेर उभा राहून. स्ट्रुबेलचा फोन वाजत होता. पोरगं वळताना अजून थांबतंय, ते बघायचं होतं. उचलला नाही.